व्यसनमुक्तीतील वैयक्तिक समुपदेशन : पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

दारू सोडण्याची शपथ आपल्याकडे अनेक प्रकारे घेतली जाते. कुणी आईच्या पायावर हात ठेवून घेतो, कुणी मुलांची आण घेतो, कुणी आळंदीला किंवा पंढरपूरला जाऊन गळ्यात माळ घालतो. ती घेताना माणूस खोटे बोलत नसतो, हे आधी मान्य केले पाहिजे. मात्र पगाराच्या दिवशी संध्याकाळी एसटी स्टँडजवळ जुना मित्र भेटला, खिशात पैसे आहेत आणि घरी सकाळीच भांडण झाले आहे, अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर शपथेत नसते. ते उत्तर एकेका माणसासाठी वेगळे असते आणि ते त्याच्यासोबत बसूनच शोधावे लागते. वैयक्तिक समुपदेशन यासाठी असते. ज्यांना डॉक्टरांनी किंवा घरच्यांनी समुपदेशकाकडे जाण्यास सुचवले आहे, पण तिथे नेमके काय होते याची कल्पना नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः दारूची घेतली आहेत. गांजा, ब्राउन शुगर, झोपेच्या गोळ्या किंवा तंबाखू सोडू पाहणाऱ्यांनाही त्यातला बराच भाग लागू पडेल.

आधी शरीराची काळजी

समुपदेशनाआधीची पायरी वैद्यकीय आहे आणि ती गाळणे जिवावर बेतू शकते. अनेक महिने किंवा वर्षे रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने घरच्या घरी, कुणाला न सांगता, एकदम दारू बंद करू नये. दारू थांबल्यावर साधारण सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, दिवस-रात्रीचे भान जाते, ताप आणि घाम येतो. ही अवस्था वेळीच उपचार न मिळाल्यास प्राणघातक ठरते. झोपेच्या गोळ्यांची दीर्घकाळ सवय असलेल्यांनाही असाच धोका असतो. मनोविकारतज्ज्ञ योग्य औषधांच्या आणि ‘ब१’ जीवनसत्त्वाच्या आधाराने हा काळ सुरक्षितपणे पार पाडतात, ज्याला बोलीत ‘डिटॉक्स’ म्हणतात. त्या आठवड्यात डोके जड असते, हात थरथरतात, झोप लागत नाही. तेव्हा खोल संवादाची अपेक्षा ठेवू नये. समुपदेशकाशी ओळख झाली आणि पुढची तारीख ठरली, एवढे त्या आठवड्यात पुरेसे आहे.

याच टप्प्यावर घरच्यांसाठी एक कळकळीची सूचना. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून जेवणात पावडर किंवा गोळी कालवण्याचा प्रकार आजही घडतो. त्यात डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि त्यावर तो माणूस प्यायला, तर छातीत धडधड होऊन रक्तदाब घसरू शकतो आणि जीवही जाऊ शकतो. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला पूर्ण कल्पना आणि संमती असेल तरच दिले जाते. शिवाय, आपल्या ताटात काय कालवले जाते याचा भरवसा ज्याला उरलेला नाही, तो माणूस कुणापुढेही मन मोकळे करण्याची शक्यता फार कमी असते. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे डॉक्टरांनी दिली असतील, तर समुपदेशन सुरू झाले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. दोन्ही उपचार एकमेकांना बळ देतात.

कुणाकडे जायचे

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसोपचाराचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेतलेले असतात व त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. व्यसनमुक्ती केंद्रांतील समुपदेशक बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले असतात, आणि कित्येक केंद्रांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे हे काम करतात. अशा माणसाला समोरच्याची पळवाट लगेच ओळखता येते, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण स्वतःचा अनुभव हे प्रशिक्षण नव्हे, आणि ‘मी असा सुटलो, तूही असाच सुटशील’ एवढ्यावर काम भागत नाही. म्हणून शिक्षण काय, व्यसनाच्या क्षेत्रात किती वर्षे काम केले आहे, कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता, हे प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. चांगल्या समुपदेशकाला त्यांचा राग येत नाही.

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केले. मारहाण आणि कोंडून ठेवणे यांऐवजी प्रेमाने आणि संवादाने उपचार करता येतात, हे महाराष्ट्राला समजावण्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक यांवर विनामूल्य बोलता येते. टेली-मानसवर मराठीतूनही बोलता येते.

जिथे साखळीने बांधतात, मारहाण करतात, किंवा नातेवाइकांना भेटू देत नाहीत, त्या ठिकाणी माणूस ठेवू नये, मग तिथली फी कितीही कमी असो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांनाही लागू आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे, आणि अपमानास्पद वागणुकीपासून संरक्षण व गोपनीयता हे रुग्णाचे हक्क आहेत.

पहिल्या भेटीत

पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. बरेच जण गुन्हा कबूल करायला आल्यासारखे खाली मान घालून बसतात, तर काही जण ‘मला काही झालेले नाही, बायकोने आणले’ असे सांगून हाताची घडी घालतात. दोन्ही प्रकारची माणसे समुपदेशकाने रोज पाहिलेली असतात. तिथे तुमचा न्याय करायला कुणी बसलेले नसते.

जाताना मागच्या महिन्याचा हिशेब कागदावर लिहून न्यावा. ‘थोडीशी घेतो’ हे कुणाच्याच उपयोगाचे वाक्य नाही. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, शनिवारी दोन, सकाळी हात थरथरतात म्हणून नाइन्टी, इतके स्पष्ट लिहावे. कोणती औषधे चालू आहेत, आधी कधी सोडली होती, किती दिवस टिकली आणि पुन्हा कशी सुरू झाली, हेही लिहावे. समुपदेशक कदाचित जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली भरून घेतील. तिच्यात ८ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर गेल्याची खूण, आणि २० किंवा त्याहून जास्त असल्यास दारूवर अवलंबित्व आले आहे का, याची नीट तपासणी करावी लागते. आत्महत्येचे विचार येतात का, हाही प्रश्न विचारला जाईल. येत असतील तर लपवू नका. व्यसन आणि नैराश्य अनेकदा हातात हात घालून येतात आणि त्यामुळे उपचारांची दिशाच बदलते.

गोपनीयतेच्या मर्यादा याच भेटीत स्पष्ट करून घ्याव्यात. तुम्ही जे बोलाल ते तुमच्या परवानगीशिवाय पत्नीला, भावाला किंवा कंपनीला सांगितले जाणार नाही, हा नियम आहे. त्याला अपवाद आहेत : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर समुपदेशकाला गप्प राहता येत नाही, पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळवणे बंधनकारक आहे. घरच्यांना किती सांगायचे, हे तुम्ही, समुपदेशक आणि घरचे अशा तिघांनी मिळून ठरवलेले उत्तम. ‘हा भेटीला येतो की नाही’ एवढेच सांगायचे, असेही ठरवता येते.

मुख्य काम : साखळी उलगडणे

पुढच्या भेटींत जे होते त्याला समुपदेशनाचा गाभा म्हणता येईल. समजा, भोसरीतल्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा चाळिशीचा माणूस पाच आठवडे न पिता राहिला आणि काल प्यायला. तो येऊन सांगतो, “काही नाही मॅडम, मूड झाला आणि प्यायलो.” समुपदेशक तिथे थांबत नाहीत.

“पहिला घोट घेतलात तेव्हा किती वाजले होते?”

“साडेसात झाले असतील.”

“आणि शिफ्ट कधी सुटली?”

“साडेतीनला. फर्स्ट होती.”

“मग साडेतीन ते साडेसात कुठे होतात?”

आता उत्तर द्यायला वेळ लागतो. हळूहळू बाहेर येते की दुपारी दोन वाजता मशीनवर केलेला जॉब रिजेक्ट झाला म्हणून सुपरवायझर नव्या पोरांसमोर ओरडला होता. डबा तसाच राहिला होता. कंपनीची बस सोडून तो एका मित्राच्या बाइकवर बसला, कारण बसमध्ये सगळे तोंडाकडे बघतील असे वाटले. ओव्हरटाइमचे पैसे खिशात होते. घरून मुलीच्या फीबद्दल फोन आला तो त्याने कट केला. मग मित्र म्हणाला, टपरीवर चहा घेऊ. ती टपरी परमिट रूमच्या शेजारी आहे. “चहाच घेणार होतो, खरंच,” तो म्हणतो, आणि ते खरेही असते.

या तासाभरात एक गोष्ट त्या माणसाला स्वतःच दिसते : निर्णय साडेसातला झाला नव्हता, साडेतीनला बस सोडली तेव्हाच अर्धा झाला होता. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व्यसन पुन्हा सुरू होण्यावर मोठे काम केले. वरवर निरुपद्रवी वाटणारे छोटे निर्णय माणसाला ग्लासाजवळ कसे नेऊन सोडतात, हे त्याने दाखवले. साखळी लांब असते हा एका अर्थी दिलासाच आहे, कारण तिच्यात तोडण्यासारख्या कड्या अनेक असतात. डबा खाल्ला असता तर? पोटातली भूक आणि डोक्यातला राग एकत्र आले की तलफ दुप्पट होते. बसनेच जायचे, हा नियम ठरवला तर? ओव्हरटाइम थेट खात्यात जमा करून घेतला तर? फोन उचलून बायकोला ‘आज दिवस वाईट गेलाय’ एवढे म्हणता आले असते का?

यातली कोणती कडी आपल्याला खरोखर तोडता येईल, हे त्या माणसानेच निवडायचे असते. एक किंवा दोनच निवडाव्यात. मग त्याची तालीम होते, अगदी मोठ्याने बोलून. समुपदेशक मित्र होतात आणि म्हणतात, “अरे, एकच पेग, चल ना.” पहिल्यांदा बहुतेकांच्या तोंडून लांबलचक स्पष्टीकरण येते, आणि मित्राला त्यात फट सापडते. दोन-तीन वेळा करून पाहिल्यावर वाक्य आखूड होते : “गोळ्या चालूयत माझ्या, मी निघतो.” आणि ते म्हणताना पाय चालू लागलेले असतात. ऐकायला हे साधे वाटते. पण जे वाक्य तोंडाला सवयीचे झालेले नाही ते ऐनवेळी सुचत नाही.

साखळीत एक कडी विचारांचीही असते. ‘सगळ्यांसमोर बोलला, म्हणजे माझी काही किंमतच नाही’ हा विचार आणि त्यामागून येणारा ‘मग आज तरी माझा हक्क आहे’ हा विचार वेगळे काढून तपासले जातात. सुपरवायझरने चूक काढली, ही घटना. माझी किंमत शून्य, हा तिच्यावर आपण चढवलेला अर्थ. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना बऱ्यापैकी परिचित आहे. व्यसनाच्या समुपदेशनात तिचा आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या बोधनिक-वर्तनोपचाराचा, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या ‘सीबीटी’चा, सतत उपयोग होतो. यासाठी वही दिली जाते : केव्हा तलफ आली, तेव्हा कुठे होतो, कोण सोबत होते, मनात काय आले, काय केले. ती वही नियमितपणे लिहावी. तलफ बहुधा पाव ते अर्ध्या तासात ओसरते, हे पुस्तकात वाचून पटत नाही. स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात दिसले की पटते.

‘श्रावणात तर मी महिनाभर घेत नाही’

महाराष्ट्रात हा युक्तिवाद समुपदेशकाला हमखास ऐकायला मिळतो. श्रावण पाळता येतो, म्हणजे मला व्यसन नाही. यावर वाद घालणारा समुपदेशक हरतो, कारण वाद घातला की समोरचा माणूस आपल्या पिण्याचा वकील होतो. विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या प्रेरक संवादाच्या पद्धतीत यावर वेगळी वाट आहे. समुपदेशक म्हणतील, “महिनाभर थांबता येतं तुम्हाला, हे मोठंच आहे. त्या महिन्यात घरी काय वेगळं असतं?” मग माणूस आपणच सांगू लागतो की मुलगी जवळ येऊन बसते, पैसे उरतात, झोप लागते. “आणि श्रावण संपायला दोन दिवस राहिले की?” इथे बरेच जण थोडे थांबतात आणि मग कबूल करतात की दिवस मोजणे सुरू झालेले असते. सोडण्याची कारणे माणसाच्या तोंडून यावीत, समुपदेशकाच्या नव्हे, हा या पद्धतीचा आधार आहे. म्हणून समुपदेशक प्रश्नच फार विचारतात, सल्ला देत नाहीत, अशी तक्रार मनात आली तर थोडा धीर धरावा.

गटात जे बोलता येत नाही

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या गटाच्या सभा मराठीतूनही होतात आणि त्या विनामूल्य असतात. आपल्यासारखेच भोगलेल्या माणसांत बसून जी हिंमत येते ती समुपदेशकाच्या खोलीत येणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही करावे. पण आईच्या बांगड्या विकल्याची गोष्ट, विवाहबाह्य संबंध, नपुंसकतेची भीती, बालपणी झालेला अत्याचार, हे वीस जणांसमोर बोलवत नाही. स्त्रियांना तर ‘मी पिते’ हे वाक्यच आपल्या समाजात चारचौघांत उच्चारणे अवघड जाते. त्यांच्यासाठी बंद खोलीतला एक विश्वासाचा माणूस हीच अनेकदा एकमेव वाट असते. मात्र जुनी जखम पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उघडण्याची घाई करू नये. तलफेला तोंड देण्याची थोडी सवय आणि थोडी झोप परत आल्यावर त्या विषयाकडे वळणे सुरक्षित असते, आणि जाणते समुपदेशक स्वतःच हा वेग सांभाळतात.

पुन्हा घेतली तर

बरे होण्याच्या वाटेवर एखाद्या वेळी घसरण होणे सर्रास आढळते. त्या क्षणी सर्वांत घातक असतो तो ‘आता गेलंच सगळं, मग पूर्ण बाटलीच संपवू’ हा विचार. एका पेगला पंधरा दिवसांच्या पिण्यात बदलणारी ताकद या विचारात असते. म्हणून आधीच ठरवून ठेवावे : घेतली गेली, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी समुपदेशकाला फोन करायचा, आणि पुढची भेट चुकवायची नाही. नेमके अशाच वेळी माणसे भेट चुकवतात, कारण मॅडमना काय तोंड दाखवू असे वाटते. पण वर सांगितलेली साखळी उलगडायला सगळ्यांत जास्त माहिती याच भेटीत मिळते. लपवून ठेवलेली घसरण उपचारांना आतून पोखरत जाते. ब्राउन शुगर सोडलेल्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये : काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते आणि पूर्वीचे प्रमाण घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो.

घरच्यांनी काय करावे

‘आज आत काय बोललास?’ असे विचारू नये. काही भेटी समुपदेशक जोडीने घेतील, तेव्हा बोलता येईल. तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, वीस वर्षांचा हिशेब रोज काढणे, यातून पाळत वाढते आणि खरे बोलणे कमी होते. घरच्यांचा राग खोटा नसतो आणि त्यांनाही स्वतःची जागा हवी असते; त्यासाठी वेगळा समुपदेशक किंवा कुटुंबीयांसाठीच्या अल-ॲनॉनच्या सभा उपयोगी पडतात.

किती दिवस, कोणती पद्धत

अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘प्रोजेक्ट मॅच’ या नावाने दारूच्या १,७२६ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. प्रेरक संवादावर आधारित चार भेटी, बोधनिक-वर्तनोपचाराच्या बारा भेटी आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या मार्गाकडे नेणाऱ्या बारा भेटी, अशा तीन वैयक्तिक उपचारपद्धतींची त्यात तुलना केली गेली. तिन्ही गटांतले पिणे लक्षणीय घटले आणि पद्धतींमध्ये मोठा फरक दिसला नाही. यावरून माझे मत असे, की पद्धतीचे नाव शोधत बसण्यापेक्षा ज्याच्याशी खरे बोलता येते असा प्रशिक्षित माणूस शोधावा आणि भेटी नियमित ठेवाव्यात. साधारणपणे पहिले तीन महिने आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्याने, पुढे वर्षभर महिन्यातून एकदा असे वेळापत्रक व्यवहार्य ठरते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले की भेटी आपोआप सुटतात. तसे होऊ देऊ नये. समुपदेशक तुम्हाला लाजवत असेल, केवळ प्रवचन देत असेल किंवा तुमच्या गोष्टी नातेवाइकांत बोलत असेल, तर एकदा स्पष्ट सांगावे आणि फरक न पडल्यास बदलावा.

गावात कुणी उपलब्ध नसेल, किंवा नोकरीनिमित्त आखातात वा परदेशात असाल, तर व्हिडिओवरून मराठीतच भेटी घेता येतात. डिटॉक्सची गरज असलेल्याने मात्र आधी जवळच्या डॉक्टरांना गाठावे. व्हिडिओसाठी दार लावता येईल अशी जागा आधी ठरवावी. घरात ती मिळत नसेल तर गच्ची किंवा उभी गाडी चालते, पण कुणी ऐकेल या भीतीने अर्धे बोलून उपयोग नाही.

भेटी कमी होत जातील तशी वर्षाची दिनदर्शिका समुपदेशकासोबत एकदा नजरेखालून घालावी आणि धोक्याच्या तारखांवर खूण करावी : गटारी अमावास्या, श्रावण संपतो तो दिवस, विसर्जन मिरवणूक, ३१ डिसेंबर, चुलत भावाची हळद, बोनसचा दिवस. अशा प्रत्येक तारखेच्या आधी एक आणि नंतर दोन दिवसांत एक भेट ठरवून ठेवावी. आधीच्या भेटीत कागदावर लिहून घ्यावे : कुणासोबत जाणार, किती वाजता निघणार, परतीचे वाहन कुणाचे, हातात कोणता ग्लास असणार, तलफ आली तर फोन कुणाला. हळदीला न जाणे हाही एक पर्याय असतो, आणि पहिल्या वर्षी तो घेतला तर नातेवाईक रुसतात, पण महिन्याभरात विसरतात.